इंजिनाचा सत्त्याऐंशीवा अंश

मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात, शाळेच्या सहलींच्या गलबल्यात, विजेवर चालणारे एक जुने रेल्वे इंजिन उभे आहे. मध्यभागी उंच चौकोनी घर आणि त्याच्या दोन्ही अंगांना पुढे आलेली दोन लांब, बसकी नाके अशी त्याची घडण असल्यामुळे, ज्यांनी ते कधी घाटात चालताना पाहिले नाही त्यांचीही पावले तेथे क्षणभर अडतात. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांचे नाव त्याला रीतसर बहाल झालेले असले, तरी ज्यांनी ते चालवले, धुतले आणि दुरुस्त केले ते रेल्वेचे लोक या जातीच्या इंजिनांना ‘खेकडा’ म्हणत, आणि मला वाटते, तेच नाव टिकेल.

खेकड्याचे कूळ मात्र सह्याद्रीतले नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जी. आय. पी.) रेल्वेने १९२५ साली मुंबईत विजेची गाडी सुरू केली, त्यानंतर वीज कल्याणपलीकडे भोर आणि थळ अशा दोन्ही घाटांत नेण्याचे ठरवले, आणि मालगाड्या घाट चढवण्यासाठी १९२८ पासून जी ४१ इंजिने आणली, त्यांतली पहिली १० स्वित्झर्लंडमध्ये विंटरटूर येथील कारखान्यात आणि उरलेली ३१ इंग्लंडात व्हल्कन फाउंड्रीत बांधली गेली. विंटरटूरच्या त्याच कारखान्याने त्यापूर्वी आठ-नऊ वर्षे आल्प्समधील गॉटहार्ड मार्गासाठी याच बांध्याचे इंजिन तयार केले होते, आणि तिकडच्या लोकांनी त्याचे नाव ‘मगर’ असे ठेवले होते. भोर घाटाचा चढ सदतिसास एक, म्हणजे हजारास २७. गॉटहार्डचाही चढ हजारास २६-२७. दोन खंडांतल्या दोन पर्वतांनी इंजिनाच्या कारागिरापुढे जवळजवळ एकच प्रश्न मांडावा आणि त्याने दोघांनाही एकाच चेहऱ्याचे उत्तर द्यावे, ही गोष्ट मला नेहमी मोठी हृद्य वाटत आली आहे.

या मगरीला आणखी एक अवतार लाभला. जर्मनीत गोपिंगेन येथे १८५९ साली पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराने स्थापन केलेली मार्क्लिन ही खेळण्यांची पेढी. तिने युद्धाच्या विध्वंसानंतर अवघ्या दोन वर्षांत, १९४७ साली, सत्त्याऐंशीपट लहान केलेली मगर बाजारात आणली. पुढच्या काळात त्या प्रतिकृतीची मोटर बदलली, चाके बदलली, विजेचा संपर्क बदलला, १९८० च्या दशकानंतर तिच्या पोटात संगणकीय आज्ञा समजणारी चकती आली. परंतु ती वारंवार नव्याने घडत राहिली, आणि आजही या छंदातल्या मंडळींच्या काचेच्या कपाटात तिचे स्थान मानाचे असते. एखादे यंत्र लहान करून हजारोंच्या संख्येने काढायचे म्हणजे नेमके काय करावे लागते, हे समजून घेण्यास याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

सामान्य समजूत अशी असते की, प्रतिकृती म्हणजे भागाकार: मूळ इंजिनाचे प्रत्येक माप घ्यावे, त्यास ८७ ने भागावे, आणि येईल त्या मापाची वस्तू बनवावी. आपण हा भागाकार एकदा खरोखरच करून पाहू. साडेएकोणीस मीटर लांबीचे इंजिन सुमारे २२ सेंटिमीटरचे होते. १३५० मिलिमीटर व्यासाचे चाक साडेपंधरा मिलिमीटरचे होते. येथवर काही हरकत नाही. पण चालकाने चढताना हाताला धरायची ३० मिलिमीटर जाडीची लोखंडी सळई भागाकारानंतर ०.३४ मिलिमीटरची उरते, आणि बाजूचा ६ मिलिमीटर जाडीचा पत्रा ०.०७ मिलिमीटरवर येतो, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाएवढा. एवढ्या पातळ भिंतीचे इंजिन प्लॅस्टिकमध्ये ओतता येत नाही, आणि ओतता आले तरी ते उचलणाऱ्याच्या बोटांत चुरगळेल. वजनाचा भागाकार तर तीनदा करावा लागतो, कारण वस्तू लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांनी आक्रसते. म्हणून १२८ टनांचे इंजिन अवघ्या १९४ ग्रॅमचे होते, आणि घर्षण हे वजनावर अवलंबून असल्याने, एवढे हलके इंजिन डब्यांची लांब रांग ओढताना चाके जागच्या जागी फिरवीत राहण्याचा संभव फार.

वळणाचा हिशेब याहून विलक्षण आहे. गॉटहार्ड मार्गावरील सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या २८० मीटर. सत्त्याऐंशीपट लहान केल्यावर ती ३.२ मीटर होते, म्हणजे तेवढे एक पूर्ण वर्तुळ मांडायला साडेसहा मीटर लांब आणि तितकीच रुंद खोली हवी. कोणाच्या घरी इतकी जागा मोकळी असणार? म्हणून खेळातल्या रुळांचे नेहमीचे सर्वांत लहान वळण ३६ सेंटिमीटर त्रिज्येचे ठेवलेले असते, आणि हेच वळण खऱ्या जगात मांडले तर त्याची त्रिज्या जेमतेम ३१ मीटर भरेल. त्यावर कोणतेही मुख्य मार्गाचे इंजिन उभेसुद्धा राहू शकणार नाही. अर्थात जे काम मूळ इंजिनाला आयुष्यात कधी करावे लागले नाही, ते प्रतिकृतीने पहिल्या दिवसापासून निमूटपणे करावे अशी अपेक्षा असते. मगरीचे शरीर सांध्यांनी जोडलेल्या तीन भागांचे आहे, नाके आपापल्या चाकांच्या चौकटीबरोबर वळतात. आल्प्सच्या वळणांसाठी योजलेली ही सोय दिवाणखान्यातल्या वळणालाही उपयोगी पडली, आणि तिच्या दीर्घायुष्याचे एक कारण हेही असावे असे मी समजतो. तरीही खऱ्या इंजिनात नाक आणि घर यांच्यामध्ये जी फट असते तिच्यापेक्षा पुष्कळ मोठी फट येथे ठेवावी लागते, आणि ती डोळ्यांना खुपू नये अशी तजवीज करणे हे आकृतिकाराचे काम.

चाकांचेही तसेच. चाकाला रुळावरून घसरू न देणारी जी आतली कड, तिला रेल्वेत फ्लँज म्हणतात. खऱ्या इंजिनात ती सुमारे २८ मिलिमीटर, भागाकाराने ०.३ मिलिमीटर. घरगुती रूळ जमिनीवर, सतरंजीवर, लाकडी फळीवर मांडलेले, सांध्यासांध्याला वरखाली झालेले. तेथे एवढी नाजूक कड क्षणभरही टिकाव धरणार नाही, म्हणून अमेरिकेतील हौशी मंडळींच्या संघटनेने घालून दिलेल्या मापात ती ०.६४ मिलिमीटर आहे, आणि चाकाची रुंदीही भागाकाराने दीड-पावणेदोन मिलिमीटर यावी ती २.८ मिलिमीटर. चाके रुंद झाली की त्यांना बाहेरून जोडणारे दांडे बाहेर सरकतात. दांडे सरकले की त्यांच्यावरची पायरी सरकते. पायरी सरकली की सबंध नाक थोडे रुंद करावे की दांडे पातळ करावे, हा प्रश्न उभा राहतो. असे एका मापातले असत्य दुसऱ्या मापाला असत्य बोलायला भाग पाडीत जाते, आणि ही साखळी कोठे तोडायची, कोणाला खरे राहू द्यायचे आणि कोणाला थोडे झुकू द्यायचे, हे ठरविण्यातच या कलेचे सारे मर्म आहे. भागाकार कोणीही करील. भागाकार कोठे मोडायचा हे ज्याला कळते, त्याच्या हातचे इंजिन पाहताना मात्र मूळ इंजिनाची आठवण होते.

कामाची सुरुवात कारखान्यात होत नाही, दप्तरात होते. ‘मगर’ म्हटल्याने काहीच निश्चित होत नाही. १९१९ ते १९२२ या काळात बांधलेली ३३ आणि १९२६-२७ साली बांधलेली १८ अशा दोन मालिका आहेत, आणि पहिल्या मालिकेत मोटरची शक्ती चाकांना पोहोचविणारा दांडा त्रिकोणी चौकटीचा, तर दुसरीत तो एकच तिरका. पहिल्या मालिकेतली १३ इंजिने पुढे १९४० च्या दशकात अधिक शक्तीची आणि अधिक वेगाची करण्यात आली. रंग प्रथम तपकिरी, नंतर हिरवा. तेव्हा तपकिरी रंगाच्या अंगावर नंतरच्या काळातला दिवा बसवला, तर असे इंजिन जगात कधी अस्तित्वातच नव्हते, असे म्हणण्याची पाळी येते. म्हणून कोणत्या क्रमांकाचे इंजिन, कोणत्या वर्षीचे, कोणत्या दुरुस्तीनंतरचे, हे आधी मुक्रर करावे लागते, आणि त्या वर्षीची छायाचित्रे मिळवावी लागतात. कारखान्याचे मूळ नकाशे असले म्हणजे सगळे साधले असे नव्हे. नकाशा हा हेतूचा पुरावा असतो, वस्तूचा नव्हे. फिटरने प्रत्यक्ष काम करताना नळी चार बोटे वर वळवली, आणि ती तशीच चाळीस वर्षे राहिली, याची नोंद कोणत्याही नकाशावर सापडत नाही.

अलीकडे संग्रहालयात जतन केलेल्या इंजिनाभोवती लेसर-किरणांचे मोजमापयंत्र फिरवून त्याच्या पृष्ठभागावरील कोट्यवधी बिंदूंची स्थाने नोंदवता येतात. हे साधन अमोल आहे, पण त्याचा एक दोष असा की ते जे दिसते तेच मोजते: पत्र्याला कधी काळी बसलेला पोचा, एकावर एक चढवलेले रंगाचे थर, हरवलेल्या दिव्याच्या जागी दुसऱ्या इंजिनाचा आणून बसवलेला दिवा, या सर्वांना ते सारख्याच आदराने टिपून घेते. त्या बिंदूंच्या धुक्यातून ‘धावत्या काळातले’ इंजिन वेगळे काढणे हे पुन्हा माणसाच्याच माहितीचे काम उरते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती मला स्वतःला फार उशिरा उमगली. खरे इंजिन आपण फलाटावरून, म्हणजे खालून पाहतो; प्रतिकृती टेबलावर असते, म्हणून ती आपण वरून पाहतो. त्यामुळे मूळ इंजिनाचा जो भाग कोणा प्रवाशाने आयुष्यात पाहिलेला नसतो, तेच छप्पर प्रतिकृतीत पहिल्यांदा नजरेत भरते. आणि नेमक्या त्याच भागाची छायाचित्रे सर्वांत दुर्मिळ असतात. इंजिनासमोर उभे राहून माणसे आपले फोटो काढून घेतात, छपरावर चढून कोणी घेत नाही. विजेच्या इंजिनाचे छप्पर तर वरच्या तारेतून वीज घेणारे पँटोग्राफ, पांढऱ्या चिनी मातीचे विद्युतरोधक, तारा आणि झाकणे यांनी गच्च भरलेले असते. या एका छपरासाठी अभ्यासकांनी जुने पूल, बोगद्यांची तोंडे आणि उंच इमारतींच्या गच्च्या यांवरून घेतलेली छायाचित्रे वर्षानुवर्षे धुंडाळलेली आहेत.

माहिती जमली की संगणकावर आकृती चढते, आणि येथून पुढे साचा हाच कर्ताकरविता होतो. पोलादाच्या दोन जड ठोकळ्यांत इंजिनाचा उलटा आकार कोरायचा, ठोकळे मिटवून त्यांत वितळलेले प्लॅस्टिक मोठ्या दाबाने भरायचे, ते थिजले की ठोकळे उघडून वस्तू बाहेर ढकलायची. भोसरी-चाकणच्या परिसरात मोटारींच्या सुट्या भागांसाठी जे साचे बनतात त्यांचीच ही जात, फरक केवळ नाजुकपणाचा. वस्तू साच्यातून सुटावी म्हणून उभ्या भिंतींना अर्धा-एक अंश उतार द्यावा लागतो, म्हणजे मुळात काटकोनात असलेली भिंत येथे काटकोनात राहत नाही. प्लॅस्टिक थिजताना दोनशेत एक भाग आक्रसते, म्हणून दहा सेंटिमीटरच्या घरासाठी साचा अर्धा मिलिमीटर मोठा खोदावा लागतो. बाजूच्या भिंतीवरची रिबिटे आणि हवेच्या झडपा साचा उघडण्याच्या दिशेला आडव्या येतात, त्यांच्यासाठी बाजूने सरकणारे वेगळे ठोकळे योजावे लागतात. आणि जेथे दोन ठोकळे भेटतात तेथे वस्तूवर केसासारखी बारीक रेघ उमटतेच. ही रेघ छपराच्या कडेखाली, पत्र्याच्या मुळातल्याच सांध्यावर, नळीच्या आडोशाला लपवण्यात जे चातुर्य खर्च होते त्याचा खरेदीदाराला पत्ताही लागत नाही, आणि लागू नये हेच त्या चातुर्याचे यश आहे.

पोलाद कोरण्याचे काम यंत्रावर होते, आणि जेथे यंत्राचे पाते पोहोचत नाही तेथे तांब्याचा किंवा ग्रॅफाइटचा आकार पोलादाजवळ नेऊन विजेच्या ठिणग्यांनी पोलाद कणाकणाने झिजवतात. या कामातला एक नियम मला अतिशय उद्बोधक वाटतो. प्लॅस्टिकवर जे उंच दिसायचे ते पोलादात खोल असते. म्हणून एखादे रिबीट राहून गेले असेल तर पोलादात एक सूक्ष्म खळगा आणखी खोदला की भागते, पण एखादे रिबीट चुकून अधिक पडले असेल तर तो खळगा बुजवायला पोलादावर वितळजोड करावा लागतो, आणि ते काम खर्चाचे, जोखमीचे आणि कधीही पूर्ण समाधान न देणारे असते. वस्तूला भर घालणे सोपे, वस्तूतून काढणे कठीण. म्हणून जाणता साचेकार जेथे शंका असेल तेथे पोलाद मुद्दाम थोडे राखून ठेवतो: भिंत हवी त्यापेक्षा किंचित पातळ, दांडा किंचित बारीक, आणि नमुना पाहून मग खोदायचे. स्वतःच्या चुकीसाठी आगाऊ जागा ठेवण्याची ही शिस्त त्याला उमेदवारीच्या काळातच लावली जाते.

साच्यातून निघालेले पहिले नमुने दिसायला दीनवाणे असतात. यंत्रात त्या दिवशी जे प्लॅस्टिक असेल त्या रंगाचे, वरून रंग न दिलेले, बिनअक्षरांचे, कोपऱ्यावर प्लॅस्टिकचे पातळ ओठ सुटलेले. पण या दिवसाइतका महत्त्वाचा दिवस सबंध व्यवहारात दुसरा नाही. नमुना मूळ छायाचित्रांशेजारी ठेवून, भिंगाखाली धरून, दिव्याचा प्रकाश तिरपा पाडून तपासला जातो, आणि दुरुस्त्यांची यादी सुरू होते: नाकाचा उतार पुढच्या टोकाला अंमळ अधिक वाकला आहे, खिडकीची चौकट जाड दिसते, डाव्या बाजूची पायरी उजवीकडच्या मापाने केली आहे, बफरची उंची अर्धा मिलिमीटर कमी आहे. दहा वेळा पाहूनही जे कळत नाही ते कधी कधी तिसऱ्याच माणसाला खोलीत शिरताक्षणी कळते, आणि तो म्हणतो, ‘चेहरा चुकला आहे.’ कोणतेही एक माप चुकलेले नसताना चेहरा चुकू शकतो. त्याचे कारण मग शोधावे लागते, आणि पुष्कळदा ते खिडक्यांवरच्या छपराच्या वळशात, नाहीतर दिव्यांमधल्या अंतरात, दशांश मिलिमीटरच्या कोठेतरी दडलेले सापडते. विक्रीची तारीख जाहीर झालेली, दुकानदारांची पत्रे येत असलेली, आणि तरीही ‘नमुना नामंजूर’ असा शेरा मारणारा माणूस ज्या पेढीत असतो, त्या पेढीचे इंजिन मी डोळे मिटून घेईन. अशा माणसाचे नाव खोक्यावर छापलेले नसते.

आता पोटातले यंत्र. मूळ मगरीचा वेग ताशी ६५ किलोमीटर; ८७ ने भागला तर एका सेकंदात सुमारे २१ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या लांबीइतके अंतर. या वेगाला साडेपंधरा मिलिमीटरचे चाक मिनिटाला अडीचशेच्या वर थोडे फेरे घेते, आणि लहान विजेच्या मोटरला तर मिनिटाला हजारो फेऱ्यांची सवय. म्हणून मधे मळसूत्री दंतचक्र आणि आणखी दोन-तीन चक्रे घालून तो वेग चाळीसपट वगैरे उतरवावा लागतो. पूर्वीच्या प्रतिकृतींत मोटर एकाच चौकटीवर बसवीत, चाकांना रबराची कडी घालीत, आणि इंजिन स्टेशनातून सुटताना उडी मारल्यासारखे सुटे. आताच्या रचनेत मोटर मध्यभागी, तिच्या दोन्ही टोकांना जड चक्रे, आणि तेथून सांध्याच्या दांड्यांनी दोन्ही चौकटींना शक्ती. त्यामुळे इंजिन घाटात मालगाडी उचलणाऱ्या थोराड जनावराप्रमाणे इंचाइंचाने हलू लागते. ते पाहताना मला जो आनंद होतो तो रंगरूपाच्या पूर्णतेनेही होत नाही.

बाहेरच्या दांड्यांची गोष्ट निराळी. चाकांना दांडे जोडणारे डाव्या बाजूचे क्रँक उजव्या बाजूच्या क्रँकांच्या काटकोनात असले पाहिजेत, म्हणजे एक बाजू, दांडा चाक फिरवू शकत नाही अशा निर्जीव बिंदूवर आली तरी दुसरी चाके फिरवीत राहते. हा नियम खऱ्या इंजिनाला आहे तसाच प्रतिकृतीला आहे. एका आसावरच्या चाकाचा हा कोन अंशभर चुकला की दांडे प्रत्येक फेऱ्यात अडखळतात. दांड्याचे भोक खिळीला नेमके घट्ट केले तर वळणावर दांडा अडकतो. सैल केले तर तो लटपटत चालतो. दशांश मिलिमीटरच्या आसपास कोठेतरी ती योग्य सैलता असते, आणि ती गणिताने सापडत नाही. तीन-चार नमुने करून, तासन्तास फिरवून, दिव्याजवळ धरून आणि कान लावून शोधावी लागते. पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही दिशांनी, सर्वांत लहान वळणावर, चढावर, उलटसुलट वळणांच्या जोडीवर हे फिरविणे चालते, आणि घासून झिजलेला प्रत्येक भाग पुन्हा आकृतिकाराच्या टेबलावर येतो.

वजन वाढविण्यासाठी चौकट जस्ताच्या मिश्रधातूत ओततात: जस्त, त्यात सुमारे ४ टक्के अॅल्युमिनियम, थोडे मॅग्नेशियम आणि तांबे. धातू सुबक ओतला जातो, बारीक रेषा घेतो. पण त्याची एक अट फार कडक आहे. त्यात शिशाचा अंश टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी असावा लागतो. कारखान्यात कोणी भट्टीत चुकून शिशाचा किंवा कथलाचा तुकडा टाकला, किंवा स्वस्त मिळालेले भंगार जस्त वापरले, तर वस्तू त्या दिवशी निर्दोष दिसते, विकली जाते, वर्षानुवर्षे चालते, आणि मग दमट हवेत धातूच्या कणांच्या सांध्यांतून कीड शिरू लागते. चौकट फुगते, वाकते, तिला भेगा पडतात, आणि एक दिवस ती हातात बिस्किटासारखी तुटते. मला एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी दिलेले एक जुने छोटे इंजिन (कोणत्या पेढीचे ते सांगण्याचे कारण नाही) मी दहा वर्षे वेष्टनात जपून ठेवले होते. एका पावसाळ्यानंतर उघडले तेव्हा वरचे कवच जसेच्या तसे होते आणि आतली चौकट चार तुकड्यांत निखळून पडली होती. धातूची शुद्धता ही हिशेबाच्या वहीत दिसत नाही, म्हणून तिच्यात कसूर करण्याचा मोह होतो. आणि ज्याने तो मोह टाळला त्याचे ऋण पन्नास वर्षांनंतर कोणीतरी अनोळखी माणूस फेडतो.

रंगाविषयी थोडक्यातच सांगतो. रंगाचा थर सामान्यतः केसाच्या जाडीहूनही पातळ देतात, तरी सत्त्याऐंशीपट मोजला तर तो खऱ्या इंजिनावरच्या दोन-अडीच मिलिमीटरच्या लेपाइतका होतो आणि बारीक कोरीव काम बुजवू शकतो. अक्षरे उमटवायला मऊ सिलिकोनची गादी वापरतात: धातूच्या पट्टीवर कोरलेल्या अक्षरांत शाई भरायची, गादी त्यावर दाबून शाई उचलायची, आणि तीच गादी इंजिनाच्या अंगावर टेकवायची. गादी मऊ असल्याने रिबिटांवरून आणि वळणांवरूनही ती शाई नीट बसवते, आणि कारखान्याच्या पाटीवरची भिंगातून वाचायची अक्षरेही त्यात निभावून जातात. मात्र रंगाची छटा ही मापाची नव्हे, दृष्टीची बाब आहे. मूळ इंजिनावरचा रंग तसाच्या तसा लहान वस्तूला दिला तर तो डोळ्यांना अधिक गडद भासतो, म्हणून काही पेढ्या तो किंचित उजळतात, काही उजळत नाहीत, आणि दोन्ही बाजूंना जाणकार आहेत. मी उजळणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

इतके झाल्यावर शेकडो सुटे भाग माणसांच्या हातांनी जोडले जातात. तारेची सळई भोकात सोडून मागून गोंदाचा थेंब लावणे, पँटोग्राफचे अर्ध्या मिलिमीटरचे हात वर उचलून खाली बसतात की नाही हे पाहणे, हे काम यंत्राने होत नाही. ते चीनमधल्या, हंगेरीतल्या किंवा अन्य ठिकाणच्या कारखान्यांत बाकावर बसलेल्या, बहुतेक स्त्रियांच्या, चिमट्यांनी होते. म्हणून उत्तम आकृतिकार हा जोडणाऱ्या हातांचाही विचार करतो. भाग उलटा बसूच नये म्हणून एक खुंटी गोल आणि दुसरी चौकोनी ठेवतो.

आता पुन्हा वरळीकडे. मगरीच्या प्रतिकृती अनेक झाल्या. आमच्या खेकड्याची, तो घाटात जसा होता तशी, अशा प्रेमाने घडवलेली प्रतिकृती दुकानाच्या फळीवर असावी असे मला फार दिवस वाटत आले आहे. पुण्यात कोथरूडला कै. भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहून बाहेर पडताना ही इच्छा दर वेळी नव्याने जागी होते. अडचणी उघड आहेत. आपला रूळ १६७६ मिलिमीटरचा, भागाकाराने तो १९.३ येतो, जगभर मिळणारा तयार रूळ १६.५ चा. चाके आत घेतली तर खेकड्याचा रुंद, जमिनीला बिलगलेला पवित्रा बिघडतो. वेगळा रूळ बनवायचा ठरवले तर घेणारे थोडे. गेल्या वर्षी आम्हा तीन-चार मित्रांनी मिळेल त्या नकाशांवरून आणि स्वतः घेतलेल्या मापांवरून राळेचा एक कच्चा नमुना छापून घेतला आणि तो घेऊन, एके काळी घाटात खेकडे चालवलेल्या एका निवृत्त गृहस्थांकडे गेलो.

त्यांनी चष्मा पुसला, नमुना हातात घेतला नाही. टेबलावरच राहू दिला, आणि खुर्चीतून हळूहळू खाली वाकून, हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवून, फलाटावरच्या माणसाच्या डोळ्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. “नाक जमलंय हो,” ते म्हणाले. मग उभे राहून वरून एकदा पाहिले मात्र, आणि मान हलवली. “पण छपरावर हे काय केलंत? आम्ही शेडमध्ये वर चढायचो, तेव्हा पाय ठेवायला जागा कुठे होती ते मला ठाऊक आहे. इथं पाय ठेवला असता तर मी आज तुमच्यासमोर नसतो.” त्यांनी लग्नपत्रिकेचा एक लिफाफा उलटा केला, सुनबाईंकडून पेन्सिल मागवली, आणि छपराचा आराखडा काढू लागले.